खारविलेल्या मांसाची कुळकथा

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांत वैनगंगेच्या कांठीं गोसीखुर्द हें गांव आहे. १९८८ सालच्या एप्रिल महिन्यांत तेथें एका मोठ्या धरणाची कोनशिला बसविण्यांत आली, आणि तेव्हांपासून या लहानशा गांवाचें नांव सर्व महाराष्ट्राच्या परिचयाचें झालें. नदीच्या पात्रावर ३३ दरवाज्यांचें हें धरण उभें आहे. त्याचें कार्य थोडक्यांत सांगतां येतें: पावसाळ्यांत धांवून जाणारें पाणी अडवावें आणि तें कोरड्या महिन्यांसाठीं राखून ठेवावें. या साठवणीसाठीं अनेक गांवांना आपलीं घरें व शेतें सोडावीं लागलीं, हेंहि त्या इतिहासाचें एक अंग आहे.

परंतु साठवणीची कल्पना त्या मुलखाला नवी नव्हती. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे, आणि कोहळी समाजाच्या लोकांनीं पूर्वीं बांधलेल्या तलावांवर तेथील भातशेती पोसली गेली. जो व्यवहार तलावांत, तोच घरांत. उन्हाळा आला कीं अंगणांत वाळवण पडे. भाज्या, वड्या, पापड यांची बेगमी होई. आठवडी बाजारांतून सुकी मासळी आणि सुके झिंगे घरांत येऊन गाडग्यांत जाऊन बसत. विपुलतेच्या दिवसांतून टंचाईच्या दिवसांसाठीं कांहींतरी बाजूस काढून ठेवणें, हें गृहस्थाश्रमाचें जुनें शास्त्र होय. भाजी किंवा धान्य टिकविणें तुलनेनें सोपें असतें. मांसासारखा लवकर नासणारा जिन्नस कसा टिकवावा, या प्रश्नानें मात्र जगांतील सर्वच लोकांची बुद्धि पणाला लाविली. इंग्रजी न्याहारीच्या ताटांत दिसणारें बेकन हें त्या प्रश्नाला थंड देशांनीं दिलेलें उत्तर आहे.

बेकन घरीं उत्तम रीतीनें कसें शिजवावें, असा प्रश्न आज शहरांतील कित्येक घरांत विचारला जातो. त्याचें उत्तर एका वाक्यांत देतां येईल: थंड तवा घ्यावा आणि आंच मंद ठेवावी. पण हें वाक्य खरें कां आहे, तें केव्हां अपुरें पडतें, आणि हें मांस कोणाच्या श्रमांतून जन्माला आलें, हें कळावयास त्याची कुळकथा ठाऊक असावी लागते.

बेकन म्हणजे डुकराच्या पाठीचें किंवा पोटाकडील मांस मिठांत मुरवून, आणि बहुधा त्याला धुरी देऊन, टिकाऊ केलेलें असतें. मीठ मांसांतील पाणी ओढून घेतें, आणि जें उरतें तेंहि इतकें खारट करून सोडतें कीं कुजविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना त्यांत वाढणें कठीण जावें. धुरानें पृष्ठभाग कोरडा होतो, आणि धुरांतील कांहीं द्रव्यें जंतूंना व चरबीच्या खवटपणाला आळा घालतात. या दोहोंच्या जोडीला तिसरें द्रव्य येतें तें सोरा. सोरा घातलेलें मांस शिजल्यावर करडें न पडतां गुलाबी राहतें. हें कां होतें याचा उलगडा फार उशिरां झाला. १८९१ मध्यें पोलेन्स्के या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला खारवणीच्या पाण्यांत सोऱ्याचें नायट्राइट झालेलें आढळलें, आणि १९०१ मध्यें जे. एस्. हॉल्डेन यांनीं खारविलेल्या मांसाच्या तांबड्या रंगाचें कारण प्रयोगानें दाखविलें. पुढें भारतांत येऊन येथलेच नागरिक झालेले जे. बी. एस्. हॉल्डेन हे त्यांचे पुत्र. सोऱ्याचा आणि भारताचा संबंध मात्र याहून पुष्कळ जुना आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत डच आणि इंग्रज कंपन्या बिहारांतून सोरा जहाजें भरभरून नेत. त्याचा मोठा भाग तोफांच्या दारूंत खर्ची पडे; परंतु मांस खारविणाऱ्यालाहि सोराच लागे.

ही कला रोमन लोकांना उत्तम अवगत होती. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत केटो नांवाच्या रोमन मुत्सद्द्यानें शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत डुकराच्या मांड्या खारविण्याची रीत दिली आहे. भांड्याच्या तळाशीं मीठ पसरावें, त्यावर मांडी ठेवावी, पुन्हां मीठ, पुन्हां मांडी, असे थर रचावे. पांच दिवसांनीं वरच्या खालीं व खालच्या वर कराव्या. एकंदर बारा दिवसांनीं बाहेर काढून, मीठ झाडून, दोन दिवस हवेंत टांगाव्या. मग तेल चोळून दोन दिवस धुरांत ठेवाव्या. बावीसशें वर्षांपूर्वींच्या या कृतींत आणि युरोपांतील खेड्यांतून अगदीं अलीकडेपर्यंत चालत आलेल्या कृतींत तत्त्वाचा फरक मुळींच नाहीं.

या सर्व कृतीला एक अट होती, ती थंडीची. मीठ मांसाच्या पृष्ठभागापासून आंत हाडापर्यंत पोहोंचावयास कित्येक दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत आंतील भाग नासूं लागला, तर बाहेर कितीहि मीठ चोळलें तरी व्यर्थ. म्हणून इंग्लंडांत डुक्कर मारावयाचें तें नोव्हेंबरांत, सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास. तेव्हां हवा गार झालेली असे, शेतांतील व रानांतील चारा संपत आलेला असे, आणि हिंवाळाभर जनावर पोसण्यापेक्षां त्याचें मांस राखणें परवडे. घरांतील उष्टें-खरकटें, ताक आणि परसांतील पाला यांवर वाढलेलें एक डुक्कर शेतमजुराच्या कुटुंबाला कित्येक महिने पुरत असे.

विल्यम कॉबेट या लोकपक्षपाती लेखकानें गरिबांच्या संसारावर जें पुस्तक १८२१ पासून महिन्यामहिन्याच्या हप्त्यांनीं प्रसिद्ध केलें, त्यांत बेकनला मोठें मानाचें स्थान आहे. मजुराच्या घरांत खारविलेल्या मांसाचे दोन पट्टे टांगलेले असले तर धर्मोपदेशकांच्या हजारों प्रवचनांपेक्षां त्यांनीं गृहसौख्य अधिक वाढेल, अशा अर्थाचें त्याचें विधान प्रसिद्ध आहे. डुकराचे केस कढत पाण्यानें न काढतां गवताच्या जाळावर जाळावे, धुरीसाठीं देवदाराच्या जातीचें चिकट लांकूड वापरूं नये, अशा बारीकसारीक सूचना तो आग्रहानें देतो. त्याचा मुद्दा चवीचा जितका आहे तितकाच स्वाभिमानाचा आहे. ज्याच्या घरीं साठवण आहे, तो मजूर दुसऱ्याच्या दारीं सहज हात पसरीत नाहीं.

कॉबेटचें पुस्तक निघूं लागलें त्याच १८२१ सालीं, नागपूरजवळ कन्हान नदीच्या कांठीं इंग्रजांनीं कामठीची छावणी वसविली. कन्हानचें पाणी पुढें आंभोऱ्यापाशीं वैनगंगेस मिळतें आणि गोसीखुर्दावरून वाहत जातें. सीताबर्डीची लढाई १८१७ मध्यें झालेली होती, भोसल्यांचें राज्य नांवापुरतें उरलें होतें, आणि कामठींत मद्रासकडील पलटणी येऊन राहिल्या होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर त्यांची न्याहारीहि आली. १८६७ मध्यें नागपूरपर्यंत आगगाडी आली आणि १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला. त्यानंतर विलायती हवाबंद डब्यांचा प्रवास पुष्कळ सुलभ झाला, आणि त्या डब्यांतूनच बेकनहि छावण्यांच्या बाजारांत येऊं लागलें. अशा रीतीनें जो पदार्थ आपल्या जन्मभूमींत शेतमजुराच्या चुलीवर टांगलेला असे, तो या देशांत आला तो साहेबाच्या टेबलावरचा पदार्थ म्हणून. त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टि तेव्हांपासून आजतागायत या अपघातानें ठरली आहे.

वास्तविक डुकराचें मांस या भूमीला अपरिचित नव्हतें. मनुस्मृतींत गांवांत हिंडणारें डुक्कर द्विजांना वर्ज्य सांगितलें आहे. परंतु रानडुकराच्या मांसानें पितर दहा महिने तृप्त होतात, असेंहि त्याच ग्रंथांत म्हटलें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास रचलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना विशेष प्रिय आहे, कारण महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात अशी नोंद त्यांत आहे. त्याच ग्रंथाच्या अन्नभोग या प्रकरणांत डुकराच्या मांसाचे प्रकार आहेत. पांढरें वस्त्र घालून त्यावर कढत पाणी ओतावें व केस काढावे, किंवा मातीचा लेप देऊन गवताच्या जाळावर ते जाळावे, अशा दोन रीति तेथें सांगितल्या आहेत. पुढें कापलेल्या मांसाचे 'सुंठक', आणि ताडपत्राप्रमाणें पातळ पट्ट्यांच्या 'चक्कलिका' करावयाच्या. कॉबेटनें ज्या वादांत जाळाची बाजू घेतली, त्या दोन्ही बाजू सोमेश्वराच्या मुदपाकखान्याला सातशें वर्षांपूर्वीं ठाऊक होत्या. पातळ पट्ट्या करून आंचेवर परतण्याचें मर्महि ठाऊक होतें. मात्र हें सर्व ताज्या मांसाचें पक्वान्न होतें, टिकविण्याचें नव्हतें.

राजवाड्यापासून दूर, रानावनांतहि हें मांस पवित्र मानलें जात होतें. वैनगंगा सातपुड्याच्या पठारावर सिवनी जिल्ह्यांत उगम पावते. त्याच पठारावरील गोंडांत नारायणदेवाला डुक्कर अर्पण करण्याचा 'लारू काज' नांवाचा विधि असे, आणि रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींच्या ग्रंथांत त्याची माहिती आहे. म्हणजे एकच प्राणी श्राद्धांत चालला, राजाच्या ताटांत मिरवला, देवाला वाहिला गेला आणि साहेबाच्या टेबलावर मान पावला. पण तो पाळून ज्यांनीं पोट भरलें, त्यांचीं पालें मात्र गांवाच्या वेशीबाहेर राहिलीं. इतिहासानें ही विसंगति नोंदली नाहीं तर तो अर्धाच इतिहास ठरेल.

आतां प्रश्न उरतो तो असा, कीं थंडी नसलेल्या देशांत डुकराचें मांस टिकवावयाचें तरी कसें? मे महिन्यांत भंडाऱ्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथें केटोची रीत जशीच्या तशी चालविली तर मीठ आंत पोहोंचण्यापूर्वीं मांस नासेल. या प्रश्नाचें उत्तर आपल्याच पश्चिम किनाऱ्यानें दिलें. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्यांच्याकडे मांस मद्यांत व लसणींत मुरविण्याची रीत होती. गोव्यांत द्राक्षांच्या मद्याची जागा माडाच्या ताडीपासून केलेल्या शिरक्यानें घेतली, आणि अमेरिकेंतून पोर्तुगीजांनींच आणलेली मिरची तिच्या जोडीला आली. थंडीचें काम आंबटपणानें केलें. मीठ, शिरका, मिरची, लसूण यांत मुरलेलें मांस आंतड्यांत भरून, दोऱ्यानें बांधून, मण्यांच्या माळेसारखें उन्हांत व धुरांत वाळवावयाचें: हीच गोव्याची चोरीस. पावसाळ्यांत मासेमारी बंद असतांना तिचे चार मणी कांद्याबरोबर शिजविले कीं सबंध घराचें कालवण होतें.

हीच परंपरा वसईकडे निराळ्या रूपानें दिसते. १५३४ पासून १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेईपर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या दोनशें वर्षांत ख्रिस्ती झालेल्या, पण मराठीच बोलत राहिलेल्या तेथील आणि मुंबई-साष्टीकडील कुटुंबांत डुकराच्या मांसाचें 'इंद्याल' सणासमारंभाला होतें. शिरक्यांत शिजलेलें हें मांस दुसऱ्या दिवशीं अधिक मुरतें व अधिक चांगलें लागतें, असें त्या घरांतील स्त्रिया सांगतात, आणि त्यांत शास्त्र आहे. मराठी मुलखांतील बेकनचें खरें नातलग शोधावयाचें तर तें कामठीच्या डब्यांत नसून चोरिसीच्या माळेंत व इंद्यालाच्या हंडींत सांपडतें.

थंडीची अट प्रत्यक्ष मोडली ती बर्फानें. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्यानें १८३३ मध्यें अमेरिकेंतील तळ्यांचा बर्फ जहाजानें कलकत्त्यास पाठविला, आणि लौकरच तो मुंबईसहि येऊं लागला. त्याच अमेरिकेंत १८४७ च्या सुमारास जॉर्ज हॅरिस नांवाचा एक इंग्रज गेला. त्याचें घराणें इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यांत काल्न या गांवीं डुकराचें मांस खारविण्याचा धंदा करी. तेथें बर्फानें गार ठेवलेल्या कोठ्यांतून उन्हाळ्यांतहि मांस खारवितां येतें हें पाहून त्यानें ती युक्ति घरीं नेली, आणि १८६४ मध्यें या घराण्यानें बर्फाच्या साहाय्यानें खारविण्याचें पेटंट घेतलें. याचे दोन परिणाम झाले. बेकन बारा महिने होऊं लागलें. आणि गारव्यानें रक्षण होत असल्यामुळें मिठाचें प्रमाण कमी करतां आलें. घरोघरचा उद्योग कारखान्यांत गेला तो याच वाटेनें. आपल्याकडेहि स्वातंत्र्यानंतरच्या योजनांत वराहपालन केंद्रांच्या जोडीनें सरकारी बेकन-कारखाने निघाले, आणि त्यांतील एक बोरिवलीस होता.

बाजारांतील आजचें बेकन हें म्हणून नांवानें जुनें, पण स्वभावानें नवें आहे. केटोची मांडी महिनोन् महिने आढ्याला टांगून राही. आजची पाकिटांतील पट्टी शीतकपाटाबाहेर कांहीं तासहि ठेवूं नये. कित्येक कारखान्यांत कोरडें मीठ चोळण्याऐवजीं खारें पाणी सुयांनीं मांसांत भरतात. त्यामुळें मांसाचें वजन राखलें जातें, पण तेंच पाणी तव्यावर बाहेर येतें, पांढरा फेंस धरतें आणि तडतडून हातावर उडतें.

एवढें जाणल्यावर चुलीपुढील प्रश्न आपोआप सुटतो. बेकनमध्यें दोन निराळे पदार्थ एकाच पट्टींत नांदत असतात, तांबडें मांस आणि पांढरी चरबी. मांस लवकर शिजतें व लवकर करपतें. चरबीला वितळावयास वेळ लागतो. तापलेल्या तव्यावर पट्टी टाकली तर मांस आकसतें, पट्टी वाकडी होते, कडा जळतात आणि चरबी मध्यें कच्ची व रबरासारखी राहते. म्हणून जाड बुडाचा, शक्य तर बिडाचा, तवा थंड असतांनाच त्यावर पट्ट्या एकमेकींवर न चढवितां मांडाव्या, आणि मग खालीं मंद आंच लावावी. आरंभीं दोन-तीन चमचे पाणी घातलें तर अधिक चांगलें. पाणी आटेपर्यंत तव्याची उष्णता फार वर जात नाहीं, आणि तेवढ्या अवधींत चरबी हळूहळू सुटते. पुढें पट्ट्या आपल्याच चरबींत तळल्या जातात. निराळें तेल वा तूप लागत नाहीं. अधूनमधून उलटीत दहा-बारा मिनिटें धीर धरावा. रंग सोनेरी-तपकिरी झाला कीं चिमट्यानें उचलून कागदावर निथळावें. गार होतांना त्या आणखी कुरकुरीत होतात, म्हणून इच्छित अवस्थेच्या किंचित् अगोदर उचलणें हें शहाणपणाचें.

कारखान्याच्या पट्ट्यांतून फार पाणी सुटलें, तर तें एकदां ओतून टाकून पुन्हां आंचेवर ठेवावें. कोरड्या मिठांत मुरलेलें जुन्या धर्तीचें मांस असेल, तर तें आधीं कांहीं वेळ साध्या पाण्यांत भिजवावें किंवा एक उकळी देऊन तें पाणी टाकावें. नाहींतर खारटपणामुळें खाववत नाहीं. साखर वा मध लावलेलें असेल तर आंच आणखी कमी हवी, कारण साखर मांसाच्या आधीं जळते. पाहुणे अधिक असतील तर भट्टीचा उपयोग करावा. पत्र्यावर पट्ट्या पसरून २०० अंशांवर पंधरा-वीस मिनिटें ठेविल्या, तर त्या सारख्या व सपाट होतात आणि माणूस दुसऱ्या कामाला मोकळें राहतें. निखाऱ्यावर भाजण्याची हौस असेल तर जाळाच्या ज्वालेपासून पट्टी दूर ठेवावी, कारण गळणारी चरबी पेट घेते.

चोरिसीलाहि हाच न्याय लागू आहे. मणी सोडवून, थोडें पाणी व पुष्कळसा कांदा घालून झांकण ठेवावें. पाणी आटतें, लाल चरबी सुटते, आणि कांदा तिच्यांत परतला जातो. विल्टशायरच्या आणि साष्टीच्या गृहिणी एकमेकींना कधीं भेटल्या नसतील, तरी दोघींच्या चुलींचें तत्त्व एकच आहे. तव्यांत उरलेली चरबी पूर्वीं कोणी टाकीत नसे. ती गाळून, झांकून, गार जागीं ठेवावी. बटाटे किंवा अंडीं तिच्यांत परतलीं म्हणजे थोड्या मांसाची चव पुष्कळ अन्नाला लागते. गरिबाच्या घरांत बेकनचा खरा उपयोग हाच होता. ती एक प्रकारची फोडणी होती, ताटभर खावयाची गोष्ट नव्हती.

आजच्या ज्ञानानें या जुन्या काटकसरीला दुजोराच मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ मध्यें खारविलेल्या व तत्सम प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातलें. असें मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचा संभव सुमारें १८ टक्क्यांनीं वाढतो, असा तिचा निष्कर्ष आहे. अतिशय तीव्र आंचेवर करपविल्यानें नायट्राइटपासून होणारीं घातक द्रव्यें वाढतात. म्हणजे मंद आंचेचा नियम जिभेप्रमाणें प्रकृतीलाहि मानवतो. तसेंच मांस कच्चें राहूं देऊं नये. डुकराच्या मांसांतून पट्टकृमि व इतर कृमि माणसाच्या शरीरांत येतात, आणि खारविल्यानें ते खात्रीनें मरतातच असें नाहीं. आंतील उष्णता ७१ अंशांवर गेली म्हणजे मात्र हें भय उरत नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. पट्टकृमीचीं अंडीं माणसाच्या विष्ठेंतून पाण्यांत व भाजीपाल्यावर पसरतात, आणि त्यांच्यापासून मेंदूंत गांठी होऊन फेपऱ्यासारखे झटके येतात. हा रोग डुकराच्या मांसाला कधींहि न शिवलेल्या माणसालाहि होतो. म्हणजे दोष आहे तो उघड्यावरील घाणीचा, डुकराच्या जातीचा किंवा तें पाळणाऱ्याच्या जातीचा नव्हे. स्वच्छ गोठ्यांत, चांगल्या खाद्यावर वाढलेलें डुक्कर आणि गटारांत सोडलेलें डुक्कर यांच्यांत जें अंतर आहे, तें समाजानें निर्माण केलेलें अंतर आहे. ज्यांना वेशीबाहेर राहावें लागलें, त्यांच्या जनावरांना वेशीबाहेरचेंच खाणें मिळालें.

आज शहरांतील दुकानांत काचेमागें मांडलेली बेकनची पाकिटें महाग दरानें विकलीं जातात, आणि तीं घेण्यांत कोणाला कमीपणा वाटत नाहीं. खेड्यांत मात्र डुकरें पाळणाऱ्याच्या मुलाला शाळेंत त्याच कारणावरून टोमणे ऐकावे लागावे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे. या मांसाची कुळकथा साहेबाच्या टेबलापासून सुरू होत नाहीं. ती केटोच्या शेतावरील गुलामांपासून, विल्टशायरच्या मजुरांपासून, साष्टीच्या कष्टाळू स्त्रियांपासून आणि सातपुड्यांतील गोंडांपासून आलेली आहे. हीं सर्व माणसें गरीब होतीं. आजचें थोडें उद्यांसाठीं राखून ठेवल्यावांचून त्यांना जगणें शक्य नव्हतें. त्या गरजेंतूनच मिठाचें, धुराचें आणि आंबटपणाचें हें शास्त्र निर्माण झालें. घरांतील तव्यावर जी शेवटची दहा मिनिटें खर्च होतात, तीं कित्येक आठवड्यांच्या अशा श्रमावर उभीं असतात. त्या वेळीं घाईनें आंच वाढवून तें मांस करपवूं नये, आणि ज्यांनीं तें पुरविलें त्यांना कमी लेखूं नये.